पोटगी आणि मुलाची भेट : अर्जापासून दरखास्तीपर्यंत

कौटुंबिक न्यायालयात पहिल्यांदा येणारा माणूस बहुधा एकच विचारतो, "घटस्फोट मिळायला किती दिवस लागतील?" त्याआधीचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. निकाल लागेपर्यंत मूल कुणाकडे राहणार, शाळेची फी कोण भरणार आणि शनिवारची भेट कुठे होणार? दावा वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो, मुलाचा जून मात्र दर वर्षी येतोच. गेल्या काही वर्षांत कायदा बदलला तो मुख्यतः या मधल्या काळासाठी. यातला काही बदल संसदेतून आला, बराचसा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून. म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी अर्ज समोर ठेवून नवा लिहिला, की पहिल्या तारखेलाच अडायला होतं.

आधी कलमांचं पाहू, कारण चूक तिथूनच सुरू होते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ म्हणजे पोटगी, हे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. रक्कम वाढवणं-कमी करणं पूर्वी १२७ खाली व्हायचं, ते आता १४६ खाली होतं. त्या तारखेआधी दाखल झालेले अर्ज जुन्या संहितेखालीच पुढे चालतात. मजकुरात फार फरक नाही, पण नव्या अर्जावर जुनं कलम पडलं की दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागतो आणि एक तारीख फुकट जाते.

हिंदू विवाह कायद्याखाली दावा चालू असेल तर कलम २४ खाली अंतरिम पोटगी व दाव्याचा खर्च, २५ खाली कायमची पोटगी आणि २६ खाली मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण. २४ आणि २५ खाली नवराही मागू शकतो. १४४ खाली पोटगी बायको, मुलं आणि आईवडिलांसाठी आहे. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार असेल तर २००५च्या कायद्यात कलम २० खाली पैसे आणि २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मिळतो. हे सगळे रस्ते एकाच वेळी मोकळे आहेत, म्हणून काही वकील सगळीकडेच अर्ज टाकतात. आमच्या मते यात अशिलाचे हाल होतात. तीन न्यायालयांच्या तीन तारखा, तीन म्हणणी, आणि शेवटी रक्कम एकात एक वजा होतेच. शिवाय हिंसाचार कायद्यातले दिलासे त्याच कायद्याच्या कलम २६ मुळे कौटुंबिक न्यायालयातही मागता येतात.

ही वजाबाकी ठरली ती 'रजनेश विरुद्ध नेहा' या ४ नोव्हेंबर २०२०च्या निकालाने. प्रकरण मुळात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. तिथे बायकोला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी मिळाली होती. त्याविरुद्धचं अपील दिल्लीला पोचलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एका जोडप्यापुरतं न बोलता सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. आज पोटगीच्या अर्जात जे काही होतं, त्यातलं बरंचसं त्या निकालातून येतं.

पहिला नियम असा की दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं. त्याचे तीन नमुने निकालासोबतच जोडलेले आहेत. पहिला नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी, दुसरा शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी, तिसरा मेघालयासाठी. अर्जदाराने ते अर्जाबरोबरच लावायचं. समोरच्याने म्हणणं आणि शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं, आणि त्यासाठी दोनपेक्षा जास्त तारखा मागायच्या नाहीत. प्रत्यक्षात हे सगळीकडे पाळलं जात नव्हतं, म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेच निर्देश पुन्हा सगळ्या न्यायालयांना पाठवायला सांगावं लागलं.

हे शपथपत्र भरायला निवांत दोन दिवस काढावेत. बाकीच्या अर्जात भावना असतात, यात आकडे असतात, आणि आदेश आकड्यांवर होतो. पगारदाराने पगारपत्रकं, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि सगळ्या खात्यांचे उतारे जोडावेत. 'सगळ्या' हा शब्द महत्त्वाचा. आईबरोबरचं संयुक्त खातं, बंद पडलेलं जुनं पगारखातं, सोसायटीतली ठेव, हे विसरलं की उलटतपासात तेवढंच पुढे येतं. आयकराच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण, ज्याला 'एआयएस' म्हणतात, ते आधी स्वतःचं स्वतः उतरवून बघावं. ठेवींवरचं व्याज, शेअरांचे व्यवहार, मोठ्या खरेद्या त्यात दिसतात. समोरच्या बाजूने न्यायालयामार्फत ते मागवलं तर तुमच्या शपथपत्राशी ताळा लागायला हवा. शेतकऱ्याच्या बाबतीत सातबारा व ८अ चे उतारे, कारखान्याची उसाची बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या आणि पीककर्जाचा खातेउतारा. जमीन वडिलांच्या नावावर असली तरी ती कसतो कोण आणि बिल कुणाच्या खात्यात जमा होतं, हे विचारलं जातं.

धंदेवाल्याचं उत्पन्न शोधणं सगळ्यात अवघड. विवरणपत्रात चार लाख आणि राहणी चाळीस लाखांची, हा नेहमीचा प्रकार. तिथे खर्चाच्या बाजूने जावं. गाडीचा हप्ता, मुलाच्या शाळेची फी, क्लबचं सदस्यत्व, परदेशवाऱ्या, क्रेडिट कार्डाची बिलं. हे कुठून भागतं, याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. त्याने उत्तर टाळलं तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं.

शपथेवर खोटं लिहिलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली (पूर्वीचं ३४०) चौकशीचा अर्ज देता येतो. मात्र तो धमकी म्हणून वापरू नये. तो अर्ज स्वतःच एक वेगळा दावा होऊन बसतो आणि पोटगी मागे पडते.

बायको शिकलेली आहे, कमावू शकते, म्हणून पोटगी नको, हा युक्तिवाद अजून रोज ऐकू येतो. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे. पण नोकरी करत असूनही ती लपवली, तर मात्र सगळ्या अर्जाची विश्वासार्हता जाते. वीस हजारांची नोकरी असेल तर वीस हजार लिहावेत आणि कमी काय पडतं ते दाखवावं.

नवऱ्याच्या बाजूचीही एक नेहमीची चूक. पगारातून आयकर, व्यवसायकर, सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी वजा धरला जातो. वेगळं राहायला लागल्यावर घेतलेल्या गाडीचा हप्ता किंवा स्वतःहून वाढवलेली निधीची कपात दाखवून 'हातात काहीच उरत नाही' म्हटलं, तर न्यायालयं त्याला सहसा फार वजन देत नाहीत.

मुलाचा खर्च वेगळ्या तक्त्यात मांडावा. 'मुलाला १५,००० मिळावेत' एवढंच लिहिलं तर न्यायाधीशांना अंदाजच करावा लागतो, आणि अंदाज नेहमी खालच्या बाजूला होतो. उदाहरणादाखल हिशोब असा : वर्षाची फी ७२,०००, बस १८,०००, पुस्तकं-गणवेश ९,०००, क्लास २४,०००. एकूण १,२३,०००, म्हणजे महिन्याला १०,२५०. त्यावर खाणं, औषधं, कपडे आणि घरभाड्यातला मुलाचा वाटा. प्रत्येक ओळीला पावती. पावती नसलेली ओळ कापली जाईल असं समजूनच चालावं. फी दर वर्षी वाढते, तेव्हा वाढीची मागणीही तिथेच करावी. २९ मे २०२५च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ५०,००० रुपये कायमची पोटगी देताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ त्याच आदेशात घातली. तशी ओळ आदेशात असली की वाढीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

रक्कम कधीपासून? २०२०च्या त्याच निकालानुसार अर्जाच्या तारखेपासून. त्याआधी कुठे आदेशापासून, कुठे नोटीस बजावल्यापासून, असं चालायचं. आता अर्ज दाखल करायला उशीर म्हणजे थेट पैशाचं नुकसान. दुसऱ्या बाजूने बघायचं तर, महिना १२,००० ठरले आणि आदेशाला १४ महिने लागले, तर पहिल्याच दिवशी १,६८,००० रुपये थकलेले असतात. म्हणून नवऱ्याने आदेशाची वाट न बघता जमेल तेवढी रक्कम दरमहा बँकेतून पाठवत राहावी आणि व्यवहाराच्या शेऱ्यात 'पोटगी' असं लिहावं. रोख दिलेले पैसे पुढे सिद्ध होत नाहीत. शाळेत थेट भरलेल्या फीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. आधीच्या न्यायालयाने ८,००० दिले असतील आणि दुसऱ्याने १५,००० ठरवले, तर वर ७,००० द्यायचे. पण आधीचा आदेश अर्जात उघड केलेला असेल तरच हे सरळ होतं, आणि तो उघड करणं आता बंधनकारक आहे.

कायद्यात अंतरिम अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं लिहिलेलं आहे. हे ६० दिवस नोटीस बजावल्यापासून मोजायचे, आणि गाडी तिथेच रुतते. बेलिफ जातो, 'घर बंद' असा शेरा येतो, पुढची तारीख दीड महिन्याची. अर्जातच घरचा पत्ता, आईवडिलांचा पत्ता, कंपनीचा पत्ता, ई-मेल आणि मोबाईल असं सगळं द्यावं. पोस्टाबरोबर ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरून बजावणीची परवानगी पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. बजावणी झाली की त्याचं शपथपत्र लगेच दाखल करावं, पुढच्या तारखेची वाट बघू नये.

कोर्ट फीबद्दल घाबरून अर्ज लांबवणाऱ्या बायका अजून भेटतात. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट यांसारख्या प्रकरणांत स्त्रियांना १ ऑक्टोबर १९९४च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मिळतो, आणि स्त्रीसाठी व मुलासाठी त्याला उत्पन्नाची अट नाही.

आता मूल. इथे कायद्याची भाषा अजून जुनीच आहे. कॅनडाने १ मार्च २०२१ पासून आपल्या घटस्फोट कायद्यातून 'ताबा' आणि 'भेट' हे शब्दच काढून टाकले आणि 'पालकत्वाचा वेळ' व 'निर्णयाची जबाबदारी' असे शब्द आणले. टोरांटोकडचे मराठी लोक इकडच्या नातेवाइकांना हे समजावताना 'मग कस्टडी कुणाला मिळाली?' या प्रश्नापाशी नेहमी अडकतात. आपल्याकडे विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. कायदा झाला नाही, पण संमतीच्या अटींत तो आणता येतो, आणि न्यायाधीश तो मान्य करतात. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. त्यापुढे मुलाचं हित, एवढा एकच निकष.

पहिल्या काही तारखा समुपदेशकाकडे जातात. तिथे बाजू जिंकायची नसते, हे अशिलाला आधीच सांगून ठेवावं लागतं. मूल कितवीत आहे, कधी झोपतं, कशाला घाबरतं, डब्यात काय नेतं, हे ज्या पालकाला सांगता येतं त्याची नोंद आपोआप होते. मुलाला शिकवून आणलेलं समुपदेशकाला दहा मिनिटांत कळतं. सात वर्षांचं मूल 'बाबांनी आईचा मानसिक छळ केला' म्हणायला लागलं, की ते शब्द कुणाचे हे वेगळं विचारावं लागत नाही.

भेटीच्या आदेशात सगळ्यात घातक शब्द म्हणजे 'सोयीनुसार'. 'वडिलांना सोयीनुसार भेट द्यावी' असा आदेश म्हणजे दर शनिवारी नवं भांडण. वार, वेळ, जागा आणि ने-आण कुणाची, हे सगळं लिहून घ्यावं. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ५, न्यायला वडील येतील, आणून सोडतील तेही वडीलच, जागा आईच्या इमारतीचं फाटक. पाचवा शनिवार आला तर काय, हेही लिहावं. मूल आजारी पडलं तर चुकलेली भेट कुठल्या रविवारी भरून निघेल तेही. पोलीस ठाणं ही देवाण-घेवाणीची जागा ठरवू नये. मुलाच्या डोक्यात ती जागा कायमची बसते. सुरुवातीला मूल बिचकत असेल तर न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत समुपदेशकाच्या देखरेखीखाली एक-दोन तास, मग बाग, मग पूर्ण दिवस, मग रात्रीचा मुक्काम, असे टप्पे तारखांसह घालून घ्यावेत. तारखा नसतील तर पहिला टप्पाच वर्षभर चालतो.

सुट्ट्यांची वाटणी 'अर्धी अर्धी' लिहून भागत नाही. दिवाळीची सुट्टी शाळेच्या परिपत्रकाप्रमाणे मोजायची की सरकारी? लक्ष्मीपूजन कुणाकडे? सम वर्षी आई, विषम वर्षी वडील, असं लिहिलं की सुटतं. गणपती ज्या घरी दीड दिवसाचे असतात तिथे तो दीड दिवस नेमका धरावा लागतो, कारण पुढच्या आठवड्यात दिलेली भेट त्या घराच्या काही उपयोगाची नसते. मे महिन्यासाठी वर्ग आणि शिबिरं ठरण्याआधीची एखादी तारीख, समजा १५ मार्च, कळवण्याची शेवटची म्हणून ठेवावी.

फोनचं आता सोपं झालं आहे. जानेवारी २०२०च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यावं. व्हिडिओ कॉलची वेळ लिहा, कुणाच्या फोनवर ते लिहा, आणि कॉल चालू असताना दुसरा पालक शेजारी बसून उत्तरं सुचवणार नाही, हेही.

शाळेच्या ॲपवर दोघांचे नंबर, प्रगतिपुस्तकाची प्रत दोघांना, पालकसभेला दोघांना मोकळीक. पासपोर्ट कुणाकडे राहील आणि नूतनीकरणाला दुसऱ्याची सही किती दिवसांत मिळेल, ही ओळ बहुतेक जण विसरतात. दुसऱ्या पालकाची संमती नसताना अर्ज करायची सोय पासपोर्टच्या नियमांत आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, आईवडिलांच्या वादामुळे वडील संमती देत नाहीत एवढ्यावरून पासपोर्ट अडवता येणार नाही, असं सांगितलं. पण तिथपर्यंत जायची वेळ येते, कारण ती ओळ आधी लिहिलेली नसते. परदेशात जाणार असतील तर आणखी एक लक्षात ठेवावं. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८०च्या हेग करारावर भारताची सही नाही. मूल एकदा परतलं नाही तर प्रकरण दोन देशांच्या न्यायालयांत वेगवेगळं चालतं.

परस्पर संमतीने सुटत असेल तर वेळ वाचतो. दोघांच्या संयुक्त अर्जाची न्यायालयात होणारी पहिली आणि दुसरी नोंद यांमधला सहा महिन्यांचा थांबा १२ सप्टेंबर २०१७च्या निकालानंतर माफ होऊ शकतो. वेगळं राहून दीड वर्ष झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं खरोखर मिटलेलं हवं. माफीचा अर्ज पहिल्या नोंदीनंतर आठवड्याने देता येतो. घाईत लिहिलेल्या संमतीच्या अटींत मात्र दोन गोष्टी नेहमी बिघडतात. एक, 'आईने मुलाच्या पोटगीचा हक्क सोडला' हे वाक्य. तो हक्क मुलाचा आहे, आईला तो सोडता येत नाही, आणि चार वर्षांनी मुलाच्या नावाने अर्ज आला की वडिलांना फसवल्यासारखं वाटतं. दुसरं, फ्लॅटचं हस्तांतरण. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोत बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. ही सवलत नवरा-बायको असेपर्यंतच. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर नोंदणीला गेलात तर ते नातं उरलेलं नसतं. कर्ज चालू असेल तर बँकेचं ना-हरकत आधी. नाहीतर घर एकाचं, हप्ता दुसऱ्याच्या नावावर, अशी अवस्था वर्षानुवर्षं राहते.

एकरकमी की मासिक? एकरकमी पोटगी भांडवली जमा आणि म्हणून करमुक्त, मासिक पोटगी मात्र उत्पन्न, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८०च्या दशकात ठरवलं आणि हिशोब अजून त्यावरच होतो. एकरकमी ठरली तर अर्धी पहिल्या नोंदीला, अर्धी दुसऱ्या नोंदीला, डिमांड ड्राफ्टने आणि न्यायालयासमोर. गोव्यात ही गणितं वेगळी. तिथल्या नागरी संहितेत लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक होते, त्यामुळे आधी अर्धा वाटा आणि मग पोटगीचा विचार. महाराष्ट्रात नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोचा असा वाटा नसतो. म्हणूनच इथे पोटगीवर एवढा भार पडतो.

लग्नच कायद्याने रद्दबातल असेल तर? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पूर्वी अशा स्त्रीसाठी वापरलेले शब्द सर्वोच्च न्यायालयाने १२ फेब्रुवारी २०२५ ला स्त्रीद्वेष्टे ठरवले, आणि रद्दबातल लग्नातही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ ची पोटगी देता येते असं सांगितलं. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही १२५ चा (आता १४४ चा) रस्ता खुला आहे, हे १० जुलै २०२४ ला स्पष्ट झालं.

आदेश झाला आणि पैसे आले नाहीत, तर वसुलीची दरखास्त. १४४ खालच्या रकमेसाठी वॉरंटचा अर्ज थकल्यापासून एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. 'तो देईलच' म्हणत दोन वर्षं थांबलेल्यांचं पहिलं वर्ष या रस्त्याने हातचं जातं. म्हणून दर अकरा महिन्यांनी नवा अर्ज, आधीचा प्रलंबित असला तरी. प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कलम २४-२५ चा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावला जातो. तिथे नोकरदाराच्या पगारावर थेट जप्ती मागावी. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग सुरक्षित असतो, पोटगीच्या वसुलीत फक्त एक तृतीयांश. कंपनीचं नेमकं नाव, पगार काढणाऱ्या विभागाचा पत्ता आणि कर्मचारी क्रमांक दरखास्तीत द्यावा. क्रमांक नसेल तर कंपनीचं पहिलं उत्तर 'या नावाचे चार कर्मचारी आहेत' असं येतं.

भेट थांबवली म्हणून पोटगी थांबवणं, किंवा पोटगी आली नाही म्हणून मूल न पाठवणं, दोन्ही बाजूंना हे हत्यार वाटतं. न्यायालय दोन्ही आदेश वेगळे धरतं. भेट नाकारली गेली तर त्याच दिवशी ई-मेल, पुढच्या तारखेला रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या टिपणात, नोंद आणि तिसऱ्या वेळी अर्ज. तोंडी तक्रारींचं शेवटी काहीच हाती राहत नाही.

नोकरी गेली, बदली झाली, मूल दहावीत गेलं, तर रक्कम आणि भेट दोन्ही बदलून मागता येतात. बदलाचा अर्ज परिस्थिती बदलल्याबरोबर करावा. साचलेली थकबाकी मागे जाऊन माफ करून मिळणं फार कठीण.